गुरुवारची प्रार्थना आणि शेजारचं फाटक

हे प्रकरण नागपुरातल्या एका ले-आउटमधल्या दोन घरांचं आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्या घरी दर गुरुवारी ख्रिस्ती प्रार्थना व्हायची त्यांना इथे भाऊ म्हणतो, त्यांच्या पत्नीला वहिनी. शेजारच्या घरातले काका आणि काकू. दोन्ही घरांना विचारूनच लिहितो आहे. काकांनी मसुदा वाचला आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य दुरुस्त करून दिलं. मी त्या गुरुवारच्या गटात पहिल्यापासून जातो आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, समितीवरही आहे, तेव्हा मी काही तिऱ्हाईत नाही. जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

रिंग रोडच्या पलीकडे, बेसा-मानेवाड्याच्या बाजूला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे ले-आउट पडले त्यांतलाच हा एक. दीड हजार चौरस फुटांचे प्लॉट, दोन घरांच्या मध्ये जेमतेम सात-आठ फूट जागा, कमरेएवढी कंपाउंडची भिंत. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो, इतकं जवळ.

भाऊ सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत कामाला. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यांची मंडळी शहरातल्या सदर भागात, रविवारची उपासना तिथेच. पण सदर इथून दहा-बारा किलोमीटर पडतं, आणि भाऊंच्या आईचे गुडघे गेलेले. आठवड्याच्या मध्ये तिला तिकडे नेणं जमेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी दर गुरुवारी संध्याकाळी घरीच प्रार्थना सुरू केली. आम्ही सहाजण होतो. एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, चहा. आजूबाजूच्या वस्त्यांमधली ख्रिस्ती कुटुंबं हळूहळू येऊ लागली. कुणी सी.एन.आय.चं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं), कुणी मेथडिस्ट, कुणी पेंटेकॉस्टल, असे वेगवेगळे पंथ. माणसं पंचवीस-तीसवर गेली. ढोलक आली, मग कीबोर्ड आला, मग गटातल्या एकाने मोठ्या मनाने माइक आणि स्पीकर भेट दिला. बारा बाय पंधराच्या खोलीत माइक कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काका जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. भाऊंच्या मुलीला दहावीचं गणित त्यांनीच शिकवलं, एक पैसा न घेता. अकरा वर्षांचा शेजार. दिवाळीत तिकडून चिवडा-चकल्या यायच्या, नाताळात इकडून करंज्या आणि केक जायचा.

अडचण

त्या वर्षी फेब्रुवारीत काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांचा पलंग घराच्या पुढच्या खोलीत आला. त्या खोलीची खिडकी बरोबर भाऊंच्या हॉलच्या खिडकीसमोर.

मार्चपर्यंत काही जाणवलं नाही, कारण खिडक्या बंद असायच्या. मग ऊन तापलं. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथे बहुतेक घरांत डेझर्ट कूलर असतो, आणि कूलरची हवा एका बाजूने आत आली की दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट लागते. दारं-खिडक्या बंद केल्या तर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि अंग चिकचिकतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अख्खं नागपूर खिडक्या उघड्या ठेवून राहतं. तीस माणसं, ढोलक, माइक, उघडी खिडकी, आणि सात-आठ फुटांवर झोप न येणारी आजारी बाई.

काकांनी दोनदा भिंतीवरून सांगितलं. पहिल्यांदा अगदी सौम्यपणे, "भाऊ, जरा आवाज कमी होईल का जी, हिला झोप नाही लागून राहिली." भाऊंनी त्या दिवशी आवाज कमी केला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, कारण माइक हातात घेणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा काकांचा स्वर बदललेला होता. त्या संध्याकाळी चहाच्या वेळी आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "प्रार्थना वाढली की सैतान आडवा येतोच." सगळ्यांनी माना डोलावल्या. आज मागे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच वाक्य. एका थकलेल्या नवऱ्याची साधी विनंती आम्ही त्या क्षणी आध्यात्मिक युद्धात जमा करून टाकली. एकदा तसं ठरवलं की समोरच्याचं ऐकून घ्यायचं कारणच उरत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी ते फुटलं. काकूंना तपासणीसाठी दवाखान्यात नेलं होतं, यायला रात्रीचे नऊ वाजले. ऑटो गल्लीत वळला तर काकांच्या फाटकासमोर आमच्या तीन गाड्या आडव्या. हॉर्न वाजला, पण आत गाणं चालू, कुणाला ऐकू गेलं नाही. काकूंना पाच-सहा घरं आधीच उतरावं लागलं आणि वॉकर धरून अंधारात, खडबडीत रस्त्यावरून घरापर्यंत चालावं लागलं. काका आमच्या दारात आले ते ओरडतच. आमच्यातला एक तरुण पुढे झाला आणि म्हणाला, "आमच्या प्रार्थनेत अडथळा आणता का?" त्यावर काका म्हणाले, "बाहेरची माणसं जमा करून तुम्ही इथं काय चालवून राहिले, ते एकदा पाहावंच लागेल." (हेच ते वाक्य, काकांनी दुरुस्त करून दिलेलं. मी आधी जरा मऊ लिहिलं होतं. ते म्हणाले, "जसं बोललो तसं लिहा.")

समोरच्या घरातल्या कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. रात्री अकराच्या आत ते ले-आउटच्या व्हॉट्सअॅप गटावर होतं, सोबत मजकूर : "या घरात काय चालतं याची चौकशी झाली पाहिजे." आणि साधारण त्याच वेळी आमच्या मंडळीच्या गटावरही तेच चित्रण आलं. तिथला मजकूर : "विश्वासणाऱ्यांचा छळ. प्रार्थना करा, पुढे पाठवा." दोन्ही मजकुरांत फाटकासमोरच्या गाड्यांचा उल्लेख नव्हता.

शुक्रवारी सकाळी भाऊंना पोलीस ठाण्यातून फोन आला की येऊन भेटून जा.

पुढे असलेले पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी भाऊंच्या स्वयंपाकघरात आम्ही पाचजण बसलो. भाऊ, वहिनी, भाऊंची आई, तो तरुण आणि मी. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बाहेरगावी होते, फोनवर होते.

तरुणाचं म्हणणं स्पष्ट होतं. वकील गाठायचा, काकांविरुद्ध तक्रार द्यायची. संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, घरात प्रार्थना करायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याचं कायद्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तेच कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हा हक्क देतं. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आम्ही रात्री दहाच्या आत थांबायचो म्हणून आपण नियमात आहोत अशी त्याची समजूत होती, पण दिवसाची मर्यादाही माइक-ढोलकीने कधीच ओलांडली असणार. खटला झाला असता तर प्रार्थनेच्या हक्काच्या आधी आमचा स्पीकरच उभा राहिला असता.

वहिनींना वाटत होतं की सगळं बंदच करावं. मुलगी मोठी आहे, इथेच राहायचं आहे, नको ती कटकट. हा पर्याय वरून शांततेचा दिसतो. पण भीतीपोटी बंद केलेली प्रार्थना घरातल्या माणसांना आतून कडवट करते, आणि शेजाऱ्यालाही वाटतं की नक्की काहीतरी लपवण्यासारखं होतं.

हॉल भाड्याने घेण्याचा विचार झाला, तो पैशांपाशी थांबला. "आमची बाजू" सांगणारं चित्रण करून टाकावं असंही एकदा निघालं. त्यावर फोनवरून पाळक एवढंच म्हणाले, "शेजाऱ्याशी बोलायच्या आधी जगाशी बोलू नका."

वळण आलं ते भाऊंच्या आईमुळे. ती इतका वेळ लसूण सोलत गप्प बसली होती. तिने तरुणाला विचारलं, "त्यांनी येशूचं नाव घेऊ नका म्हटलं का रे?"

"नाही आजी."

"मग काय म्हटलं?"

"गाड्या... आणि आवाज."

"मग यात छळ कुठं आला?"

कुणी काही बोललं नाही. मी तिथल्या तिथे बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढला. पेत्र तिथे म्हणतो की तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये, पण ख्रिस्ती म्हणून भोगावं लागलं तर लाज धरू नये. मी हे वचन कितीदा वाचलं असेन, पण त्यातला पहिला अर्धा भाग मी नेहमी ओलांडून पुढे जात असे. गाडी दुसऱ्याच्या फाटकात लावल्याबद्दल जे ऐकावं लागतं ते ख्रिस्तासाठीचं दुःख नव्हे. ते गाडीचं दुःख आहे.

मग वहिनींनी विजेच्या जुन्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले. डावीकडे : जे सोडलं तर आपण प्रभूलाच सोडलं असं होईल. उजवीकडे : जे फक्त आपल्या सोयीचं किंवा आवडीचं आहे. उजवा रकाना भराभर भरला. माइक, स्पीकर, ढोलक, साडेसात ते साडेनऊची वेळ, पुढचीच खोली, गाड्या दारातच लावणं, दर गुरुवारी याच घरी जमणं. डावीकडे तीनच गोष्टी आल्या. एकत्र जमून प्रार्थना करणं. कुणी विचारलं तर कुणाची प्रार्थना करतो ते न लपवणं. आणि दार कुणालाही बंद न करणं. ते बिल अजून त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

तरुण तेव्हाही नाराज होता. म्हणाला, "एकेक सोडत गेलो तर उरणार काय?" त्याची भीती मला खोटी वाटत नाही. मी त्याला आपल्याच गावातलं उदाहरण दिलं. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षं. त्या सहांत बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारेही. दोन्ही रीती ठेवल्या आणि एकत्र आले. ज्यांनी बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीत दुसऱ्याला जागा करून दिली त्यांनी ख्रिस्त सोडला नव्हता. आम्हाला तर फक्त स्पीकर सोडायचा होता.

काय केलं

सगळ्यात आधी मंडळीच्या गटावरचं ते चित्रण. मी ज्याने टाकलं त्याला फोन करून काढायला लावलं, पण तोवर ते पुढे गेलं होतं. म्हणून भाऊंनी स्वतः तिथे लिहिलं : "काल रात्री चूक आपली होती. गाड्या काकांच्या फाटकासमोर होत्या, आजारी काकूंना अंधारात चालावं लागलं. कृपया याला छळ म्हणू नका. काकूंसाठी प्रार्थना करा." या चार ओळींवर भाऊंना ऐकूनही घ्यावं लागलं. एका जुन्या सभासदाने त्यांना भित्रा म्हटलं.

ठाण्यात भाऊ आणि मी गेलो. नगरसेवकाची ओळख काढावी असं एकाने सुचवलं होतं, ते आम्ही टाळलं. ओळख आणली की काकांनाही ओळख आणावी लागते, आणि मग भांडण दोन घरांचं राहत नाही. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, यापुढे घरात सभा घेणार नाही असं लिहून द्या, विषय संपवून टाकू. इथे भाऊ थांबले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, माइक लावणार नाही, गाड्या रस्त्यात लावणार नाही, आठच्या आत संपवू, हे आत्ता लिहून देतो. पण घरात प्रार्थना करणार नाही असं नाही लिहून देऊ शकत. ते खोटं होईल, कारण मी करणार आहे." साहेब थोडा वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, जेवढं जमतं तेवढं लिहा.

हा या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात कठीण क्षण होता, कारण त्या खुर्चीत बसल्यावर सही करून मोकळं व्हावंसं वाटतं. बायबलमध्ये फिलिप्पै शहराच्या तुरुंगातून प्रेषित पौलाला गुपचूप निघून जायला सांगितलं तेव्हा तो गेला नाही. तुम्ही आम्हाला उघडपणे मारलं, आता स्वतः येऊन बाहेर न्या, असं त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. शांतीने राहणारा माणूस प्रत्येक कागदावर सही करत नाही. मात्र भाऊंना तिथे ठाम राहता आलं ते उजवा रकाना त्यांनी आधीच मोकळा केला होता म्हणून. माइकसाठीही अडून बसले असते तर प्रार्थनेसाठी अडून बसणं हा नुसता हट्ट दिसला असता.

मग काकांकडे जाणं. हे खरं तर ठाण्याच्याही आधी व्हायला हवं होतं. शनिवारी संध्याकाळी भाऊ एकटेच गेले. पाळकांना बरोबर घ्यावं का, यावर आम्ही बोललो होतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की आधी एकट्याने जाऊन बोल, जमलं नाही तर एक-दोघांना ने. ते मंडळीतल्या भावाबद्दल आहे हे मला ठाऊक आहे, पण तो क्रम शेजाऱ्यालाही लागू पडतो. चारजण मिळून माफी मागायला गेलं की ते शिष्टमंडळ होतं. संत्रा बर्फीचा डबा न्यावा असं वहिनी म्हणाल्या, त्यालाही भाऊ नको म्हणाले. हातात डबा असला की समोरच्याला तो घ्यायचा की नाही हे आधी ठरवावं लागतं.

पुढचं भाऊंनी सांगितलं तसं. काकांनी दार उघडलं, बसा म्हणाले नाहीत. भाऊ चपला काढून उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "काका, त्या रात्री काकूंना अंधारात चालावं लागलं. तुम्ही दोनदा सांगूनही आम्ही ऐकलं नव्हतं. माफी मागायला आलो." एवढंच. "पण" हा शब्द त्यांनी घरूनच काढून टाकला होता. "पण तुम्हीही तसं बोलायला नको होतं" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी त्यांना सुचवलं होतं आणि ते त्यांनी गिळलं.

काका म्हणाले, "गाड्यांचं सोडा जी."

आणि मग पलंगावरून काकूंचा आवाज आला, "माझी ताटली भरलीच्या भरली वापस आली होती, ते विचार त्याला."

भाऊंना काही कळेना. काकूंनीच सांगितलं. मागच्या गणपतीत त्यांनी नेहमीसारखी प्रसादाची ताटली पाठवली होती. त्यांचं नाव कोरलेली, लग्नातली, स्टीलची. त्याच आठवड्यात आमच्या गुरुवारच्या सभेत एक पाहुणे उपदेशक आले होते आणि मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल फार कडक बोलून गेले होते. वहिनींनी ताटली भिंतीवरून तशीच परत केली आणि म्हणाल्या, "आम्हाला आता हे चालत नाही." आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामंसुद्धा परत करत नाहीत, चार दाणे साखर तरी टाकतात. इथे ते भरलेलंच परत आलं, भिंतीवरून, दारात न येता. काकू आठ महिने ते मनात धरून पडल्या होत्या. आवाज, झोप, गाड्या, सगळं त्याच ताटलीवर रचलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर वहिनी स्वतः काकूंजवळ जाऊन बसल्या. प्रसाद न खाण्याचा त्यांचा निर्णय त्यांनी बदलला नाही आणि बदलल्याचं सोंगही केलं नाही. त्या म्हणाल्या, "काकू, मी खात नाही ते माझ्या देवाला दिलेल्या शब्दामुळे. पण ज्या रीतीने परत दिलं, ती रीत चुकली. तुमच्या हातचं मी फेकल्यासारखं केलं." दोघी रडल्या, असं भाऊंची आई सांगते. वहिनी त्याबद्दल बोलत नाहीत.

बाकी कामं सरळ होती. स्पीकर आणि माइक पेटीत गेले. प्रार्थना साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवायची ठरली. जमण्याची जागा मागच्या खोलीत हलवली, तिची खिडकी मोकळ्या प्लॉटकडे उघडते. त्यासाठी कूलरचं नवं स्टँड वेल्ड करून घ्यावं लागलं आणि नळीने पाणी मागे न्यावं लागलं. उन्हाळ्यात ढोलक बंद, नुसते टाळ, तेही हळू. गाड्या गल्लीच्या टोकाच्या मैदानाजवळ लावायच्या आणि तिथे एकाने उभं राहायचं. ते काम त्या तरुणाने मागून घेतलं. आणि एक गुरुवार भाऊंकडे, तर पुढचा दुसऱ्या कुणाच्या घरी.

या शेवटच्या निर्णयावर पुष्कळ चर्चा झाली. काहींना ती माघार वाटली. पाळकांनी त्या रविवारी उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायावर उपदेश केला. इसहाकाच्या चाकरांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी भांडण केलं, त्याने विहिरीला एसेक नाव दिलं, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तो तिथूनही हलला आणि तिसरी खणली, तिच्यावर कुणी भांडलं नाही. तिला रहोबोथ म्हटलं, ऐसपैस जागा. पाळकांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं : इसहाक प्रत्येक वेळी हलला, पण विहीर खणायचं त्याने थांबवलं नाही.

परिणाम

मेच्या मध्यावर ले-आउटच्या गटावर काकांनी लिहिलं, "आमचं दोन्ही घरांचं बोलणं झालं आहे. यापुढे या विषयावर कुणी लिहू नये." निवृत्त मुख्याध्यापकाचा शब्द, गटावर पुन्हा कुणी लिहिलं नाही. ज्याने चौकशीचा मजकूर टाकला होता त्याने तो काढला मात्र नाही, आणि तो आजही भाऊंना पाहिलं की मान वळवतो. भाऊ नमस्कार करतात आणि पुढे जातात. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सगळ्यांबरोबर शांतीने राहायला सांगतो, पण त्याआधी शक्य असेल तर आणि तुमच्याकडून होईल तितकं, अशा दोन अटी घालतो. त्या अटींचा मला पूर्वी राग यायचा. आता त्या दयेच्या वाटतात, कारण समोरच्याच्या मनाचा हिशेब माझ्याकडे मागितलेला नाही.

नुकसानही झालं. दोन कुटुंबं गट सोडून गेली. त्यांना माइकशिवायची भक्ती थंड वाटली. घरं बदलू लागल्यावर भाऊंच्या आईला एक आड एकच गुरुवार मिळतो, जिच्यासाठी हे सुरू झालं तिलाच. तिने कधी तक्रार केली नाही, पण दुसऱ्या घरच्या गुरुवारी ती संध्याकाळी गीतपुस्तक घेऊन एकटी मागच्या खोलीत बसते, हे वहिनींनी मला सांगितलं. यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही.

दिवाळीत काकूंनी चिवडा, चकली आणि अनारसे पाठवले. काका स्वतः दारात घेऊन आले. तीच नाव कोरलेली ताटली. म्हणाले, "हिने सांगितलं, देवाला दाखवायच्या आधीच वेगळं काढून ठेवलं आहे, म्हणा." हे असं करायला काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. वॉकरला धरून ओट्याशी उभं राहून त्यांनी आधी शेजारची वाटणी बाजूला काढली होती आणि मग नैवेद्य दाखवला होता. ताटली नाताळात करंज्या भरून परत गेली.

वेगळं काय करता आलं असतं

काकांनी पहिल्यांदा भिंतीवरून सांगितलं, त्याच संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन काकूंची विचारपूस करायला हवी होती. तीस माणसं दर आठवड्याला जगासाठी प्रार्थना करत होतो आणि सात-आठ फुटांवरच्या पलंगावर कोण पडलं आहे हे आमच्या प्रार्थनेच्या वहीत नव्हतं. वही मी ठेवतो.

ठाण्याआधी काकांकडे जायला हवं होतं, हे वर लिहिलंच. शुक्रवारी सकाळी फोन आला आणि आम्ही घाबरून उलटा क्रम घेतला. त्यात एक दिवस गेला, आणि त्या एका दिवसात काकांना वाटलं की आम्ही ठाण्यात त्यांच्याविरुद्धच गेलो आहोत.

आणि ते पाहुणे उपदेशक. त्या गुरुवारी मी पहिल्या रांगेत होतो. प्रसादाचा प्रश्न शास्त्रात आहेच, करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल त्यावर आठव्या ते दहाव्या अध्यायात सविस्तर बोलतो. मूर्ती काहीच नाही हेही म्हणतो, दुर्बळ भावाच्या विवेकाला ठेच लावू नका हेही म्हणतो, कुणी यजमानाने जेवायला बोलावलं तर चौकशी न करता खा हेही म्हणतो, आणि हे मूर्तीला अर्पण केलेलं आहे असं सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका हेही. या सगळ्यातला एकच धागा ओढून त्या दिवशी शिकवलं गेलं, आणि ते कसं करावं, शेजाऱ्याचं मन राखून नाही कसं म्हणावं, हे शिकवलंच नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं. पाहुण्यांपुढे कसं बोलावं म्हणून मी गप्प बसलो. सभेनंतर वहिनींशी पाच मिनिटं बोललो असतो तरी ती ताटली भिंतीवरून गेली नसती.

यंदा गणपतीच्या आधीच्या गुरुवारपासून आम्ही तेच तीन अध्याय वाचायला घेतले आहेत, थोडे थोडे करून. एकमत झालेलं नाही. वहिनी अजूनही प्रसाद घेत नाहीत, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एक ताई घेतात, आणि दोघी एकाच गीतपुस्तकातून गातात. तो तरुण गाड्यांपाशी उभा असतो म्हणून उशिरा येतो. त्याच्यासाठी वाचन त्याच्या आल्यावर सुरू करतो.